पोत्यापासून टक्क्यापर्यंत : देशाचे कारखानदारी उत्पादन मोजतात कसे?

दर महिन्याला वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पानावर एक ठरलेली बातमी असते. ‘औद्योगिक उत्पादनात अमुक टक्के वाढ’ किंवा ‘औद्योगिक उत्पादन मंदावले’. त्या एका टक्क्यावरून शेअर बाजारात चर्चा झडते, उद्योगपतींच्या संघटना व्याजदर कपातीची मागणी करतात, विरोधी पक्ष सरकारला जाब विचारतात आणि रिझर्व्ह बँक आपल्या पतधोरणात त्याचा उल्लेख करते. परंतु हा टक्का कोणी मोजला, कोठे मोजला आणि कशाच्या आधारे मोजला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. पाऊस पर्जन्यमापकात मोजतात, माणसे शिरगणतीत मोजतात, हे आपल्याला ठाऊक असते. सव्वाशे-दीडशे कोटींच्या देशात तयार होणारे पोलाद, कापड, औषधे, मोटारी, साखर आणि दूधभुकटी मोजायची म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र अनेक सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. ते समजून घेण्यासाठी दिल्लीपेक्षा एखाद्या गावापासून सुरुवात केलेली बरी. कारण अखेर प्रत्येक राष्ट्रीय आकड्याचा उगम कुठल्या तरी गावातील नोंदवहीतच असतो.

अवसरीच्या शिवारातून

पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यात, पुणे-नाशिक महामार्गावरील मंचरजवळ अवसरी खुर्द हे गाव आहे. डिंभे धरणाच्या पाण्याने या परिसरातील शेतीचे रूप पालटले आणि उसाचे क्षेत्र वाढले. येथील ऊस पारगावच्या भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे जातो. परिसरातील दूध अवसरी फाट्यावरील पराग मिल्क फूड्सच्या प्रकल्पासारख्या दुग्धप्रक्रिया उद्योगांत जाऊन तूप, चीज, भुकटी अशा रूपांत बाहेर पडते. गावात शासकीय तंत्रनिकेतन आहे, तसेच २००९ मध्ये सुरू झालेले शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे. तेथे शिकणाऱ्या मुलामुलींचे लक्ष चाकण आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींकडे लागलेले असते. याशिवाय कोणत्याही बागायती भागात असतात तशी पिठाची गिरणी, लोखंडी दरवाजे करणारे वेल्डिंगचे दुकान, एखादे गुऱ्हाळ, शिवणकामाचे यंत्र हेही आलेच.

यातील ‘कारखानदारी उत्पादन’ कोणते? सांख्यिकीच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. कच्च्या मालाचे रूप बदलून नवी वस्तू तयार झाली की ते कारखानदारी उत्पादन. शेतकऱ्याने डेअरीला घातलेले दूध शेती व पशुपालनाच्या खात्यात मोजले जाते. त्याच दुधाची भुकटी झाली की तिची नोंद कारखानदारीत होते. उसाची मोळी शेतीत, साखरेचे पोते कारखानदारीत. गुऱ्हाळातील गुळाची ढेपही कारखानदारीतच. मग ते गुऱ्हाळ चार महिने चालो वा बारा महिने.

येथेच पहिली अडचण उभी राहते. समजा, एका प्रकल्पाने वर्षभरात १०० रुपयांचा माल विकला आणि त्यासाठी दूध, वीज, वेष्टन यांवर ८० रुपये खर्च केले. या १०० रुपयांना ‘उत्पादन’ म्हटले तर शेतकऱ्याच्या दुधाची किंमत दोनदा मोजली जाईल. म्हणून देशाच्या उत्पन्नात त्या प्रकल्पाचे योगदान केवळ २० रुपयांचे धरतात. यालाच मूल्यवर्धन म्हणतात. चाकणला जुळवल्या जाणाऱ्या मोटारीत भोसरीचा बोल्ट, जमशेदपूरचे पोलाद आणि परदेशातील चिप असते. प्रत्येक टप्प्यावर पडलेली तेवढीच भर मोजली, तरच बेरीज खरी येते. ‘किती माल निघाला’ आणि ‘किती मूल्य वाढले’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्याकडे त्यांची उत्तरे देणाऱ्या यंत्रणाही वेगवेगळ्या आहेत.

दरमहा घेतलेली नाडी

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो तो औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक. त्याचा इतिहास स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. १९३७ हे पायाभूत वर्ष धरून अवघ्या १५ उद्योगांसाठी असा निर्देशांक काढण्यात आला होता. पुढे केंद्रीय सांख्यिकी संघटनेने हे काम आपल्याकडे घेतले आणि १९५१, १९५६, १९६०, १९७०, १९८०-८१, १९९३-९४, २००४-०५ असे पायाभूत वर्ष बदलत गेले. २०११-१२ हे पायाभूत वर्ष असलेली मालिका मे २०१७ मध्ये आली.

या निर्देशांकामागची कल्पना साधी आहे. पायाभूत वर्षात महिन्याला सरासरी १०० पोती साखर निघत होती आणि या महिन्यात १२० निघाली, तर साखरेचा निर्देशांक १२०. अशाच रीतीने सिमेंट, सूत, औषधे, ट्रक या प्रत्येकाचा निर्देशांक काढायचा आणि शेवटी सर्वांची सरासरी घ्यायची. परंतु ही साधी सरासरी नव्हे. पोलादाला आणि मेणबत्तीला समान मान देता येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला पायाभूत वर्षातील मूल्यवर्धनाच्या प्रमाणात भार दिला जातो. २०११-१२ च्या मालिकेत कारखानदारीचा भार ७७.६३ टक्के होता, खाणकामाचा १४.३७ आणि विजेचा ७.९९ टक्के. कारखानदारीत ४०५ वस्तुगट होते आणि त्यांची विभागणी २३ उद्योगसमूहांत केलेली होती.

या वस्तूंचे आकडे सांख्यिकी मंत्रालय स्वतः दारोदार जाऊन गोळा करीत नसे. या मालिकेसाठी १४ यंत्रणांकडून माहिती येत असे. साखरेची माहिती केंद्राच्या शर्करा संचालनालयाकडून, कापडाची मुंबईच्या वस्त्रोद्योग आयुक्तांकडून, तागाची कोलकात्याच्या ताग आयुक्तांकडून, चहाची चहा मंडळाकडून, विजेची केंद्रीय विद्युत प्राधिकरणाकडून, खनिजांची नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडून आणि बऱ्याच मोठ्या वस्तुसमूहाची केंद्राच्या उद्योग खात्याकडून. कारखान्याने खात्याला कळवायचे, खात्याने मंत्रालयाला कळवायचे आणि मंत्रालयाने निर्देशांक काढायचा, अशी ही साखळी.

अनेक वर्षे हा आकडा महिना संपल्यानंतर साधारण सहा आठवड्यांनी, १२ तारखेला प्रसिद्ध होई. एप्रिल २०२५ पासून तो २८ तारखेला, म्हणजे चार आठवड्यांच्या आत देण्यास सुरुवात झाली. साहजिकच पहिला आकडा हा ‘शीघ्र अंदाज’ असतो. सर्व कारखान्यांनी तोवर माहिती दिलेली नसते. जसजशी ती येते तसतसा आकडा सुधारला जातो. किती टक्के प्रतिसादावर अंदाज बेतला आहे, हे प्रसिद्धिपत्रकातच दिलेले असते. दुर्दैवाने ती ओळ वाचण्याची तसदी फार थोडे जण घेतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या निर्देशांकात वाढ सांगताना तुलना गेल्या महिन्याशी नव्हे, तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करतात. साखर हंगामात तयार होते, शीतपेये उन्हाळ्यात खपतात. लगतच्या महिन्यांची तुलना केली तर हाती गोंधळच येईल. मात्र दिवाळी कधी ऑक्टोबरात तर कधी नोव्हेंबरात येते. सुटीमुळे कामाचे दिवस इकडचे तिकडे होतात आणि एक महिना घसरलेला, तर दुसरा उसळलेला दिसतो. तेव्हा एका महिन्याच्या आकड्यावरून निष्कर्ष काढणे हे एका श्वासावरून प्रकृती ठरवण्यासारखे आहे.

साखरेने दिलेला धडा

ही साखळी किती नाजूक आहे, हे २०१२ मध्ये दिसले. त्या वर्षी १२ मार्चला जानेवारी महिन्याचा निर्देशांक प्रसिद्ध झाला. वाढ ६.८ टक्के. उद्योगांची मरगळ संपली, असे वाटून अनेकांना हायसे वाटले. त्याच आठवड्यात केंद्रीय अर्थसंकल्पही सादर झाला. पुढच्या महिन्यात, १२ एप्रिलला, सुधारित आकडा आला तो अवघा १.१ टक्के!

कारण होते साखर. जानेवारीचे साखर उत्पादन सुमारे ५८ लाख टन होते. हिशेबात धरले गेले ते सुमारे १३४ लाख टन. एका महिन्यात एवढी साखर देशात होऊच शकत नाही. तो आकडा हंगामाच्या प्रारंभापासून जानेवारीअखेरपर्यंतच्या एकत्रित उत्पादनाच्या जवळ जाणारा होता. कारखान्याच्या दैनंदिन अहवालात दोन रकाने नेहमी शेजारी शेजारी असतात : ‘आजचे’ आणि ‘आजअखेर’. आपल्या भागातील कोणत्याही साखर कारखान्यातील कारकुनाला या दोहोंतील फरक विचारावा. तो डोळे मिटून सांगेल. दिल्लीत मात्र हा आकडा कोणाच्याही नजरेत न खुपता पुढे सरकला.

वाचकांना प्रश्न पडेल की, संपूर्ण निर्देशांकात साखरेचा भार जेमतेम दीड टक्का असताना एवढा उत्पात कसा झाला? त्याचे उत्तर पायाभूत वर्षात आहे. २००४-०५ हे साखरेच्या दृष्टीने तुटीचे वर्ष होते. त्या वर्षाची मासिक सरासरी दहा-अकरा लाख टनांच्या घरात होती. चुकून वाढलेले ७६ लाख टन हे या सरासरीच्या जवळजवळ सातपट. म्हणजे साखरेचा निर्देशांक सुमारे ७०० अंकांनी फुगला. त्याचा दीड टक्का म्हणजे दहा अंक. त्या वेळी एकूण निर्देशांक पावणेदोनशेच्या आसपास होता. त्यात दहा अंकांची भर म्हणजे साडेपाच ते सहा टक्क्यांची खोटी वाढ. हिशेब असा तंतोतंत जुळतो. गणित अचूक होते. त्यात घातलेला एक आकडा चुकीचा होता, एवढेच.

पाच दिवसांनंतर, १७ एप्रिल २०१२ रोजी, रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेआठवरून आठ टक्क्यांवर आणला. समजा, चूक वेळीच उघडकीस आली नसती, तर धोरण ठरवणाऱ्यांपुढे जोमाने वाढणाऱ्या उद्योगांचे चित्र राहिले असते आणि कर्जाच्या हप्त्यांपासून नव्या गुंतवणुकीपर्यंत सगळ्यांवर त्याची छाया पडली असती. एका रकान्यातील चुकीचे मोल देशाला द्यावे लागते, ते असे.

वर्षाचा ताळेबंद

दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे मूल्यवर्धनाचे, उत्तर मिळते ते वार्षिक उद्योग पाहणीतून. या पाहणीची मुळे १९४२ च्या औद्योगिक सांख्यिकी कायद्यात आहेत. त्यानुसार १९४६ पासून कारखान्यांची गणना सुरू झाली, परंतु ती ६३ पैकी २९ उद्योगांपुरतीच मर्यादित होती. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस तिचे अध्यक्ष, तर पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ आणि डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव हे सदस्य होते. देशाचे उत्पन्न मोजायचे तर कारखान्यांची माहिती नियमित आणि सक्तीने मिळाली पाहिजे, ही गरज त्या काळात ठळकपणे पुढे आली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले, हा योगायोग महाराष्ट्राला भूषणावह आहे. आकडे मागणारा आणि आकडे पुरवणारा अशा दोन्ही बाजू एकाच माणसाने पाहिल्या होत्या.

१९५३ च्या सांख्यिकी संकलन कायद्याच्या आधारे, १९५९ हे संदर्भवर्ष धरून, १९६० मध्ये वार्षिक उद्योग पाहणी सुरू झाली. १९७२ चा अपवाद वगळता ती अखंड चालू आहे. आता तिला २००८ च्या कायद्याचा आधार आहे. माहिती देणे हे कारखान्यावर बंधनकारक आहे. मात्र एखाद्या कारखान्याची माहिती त्याच्या नावानिशी उघड करण्यास कायद्याने मनाई आहे. ती करवसुलीसाठी किंवा स्पर्धकाच्या फायद्यासाठी नसून केवळ सांख्यिकीसाठी आहे. हा विश्वास नसेल, तर कोणताही मालक खरे आकडे देणार नाही.

या पाहणीत कोणाला गाठायचे, हे कारखान्यांच्या यादीवरून ठरते. महाराष्ट्रात कारखान्यांची नोंदणी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असते. शंभर किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेले कारखाने दरवर्षी सर्वच्या सर्व मोजले जातात. लहान कारखान्यांतून शास्त्रीय पद्धतीने नमुना निवडला जातो आणि त्या नमुन्यावरून उरलेल्यांचा अंदाज बांधला जातो. म्हणजे निवड झालेला एक छोटा कारखाना आपल्यासारख्या आणखी कित्येकांच्या वतीने बोलत असतो. त्याने निष्काळजीपणे पत्रक भरले, तर ती चूक तितक्या पटींनी वाढते.

पत्रकाचे अनेक विभाग असतात. स्थावर मालमत्ता व यंत्रसामग्री, खेळते भांडवल आणि कर्जे, कामगारांची संख्या, कामाचे दिवस आणि वेतन, वीज व इंधनाचा खर्च, देशी कच्चा माल, आयात केलेला कच्चा माल आणि शेवटी तयार माल व उपपदार्थ. साखर कारखान्याचे उदाहरण घेतल्यास ऊस, चुना आणि गंधक कच्च्या मालाच्या विभागात. साखर, मळी आणि भुसा उत्पादनाच्या विभागात. प्रत्येक वस्तूला ठरावीक सांकेतिक क्रमांक असतो, तसाच प्रत्येक उद्योगालाही. दुग्धपदार्थांचा वर्ग १०५०, तर साखरेचा १०७२. हे क्रमांक आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाशी जुळणारे असल्यामुळे आंबेगावची साखर आणि ब्राझीलची साखर एकाच शीर्षकाखाली मांडता येते.

पूर्वी राष्ट्रीय नमुना पाहणीचे कर्मचारी कारखान्यात जाऊन कागदी पत्रक भरत. आता हे काम बव्हंशी संगणकीय संकेतस्थळावर होते. आलेल्या माहितीची छाननी होते. उसाच्या मानाने साखर अशक्य वाटावी इतकी दाखवली आहे काय, कामगारांच्या मानाने वेतन विचित्र आहे काय, हे तपासले जाते. १०० टन उसातून साधारण दहा-अकरा टन साखर निघते, हे ठाऊक असलेल्या माणसाला खोटा आकडा लगेच दिसतो. म्हणूनच सांख्यिकीच्या कर्मचाऱ्याला गणिताइतकीच कारखान्याचीही जाण असावी लागते.

या साऱ्याला वेळ लागतो. २०२३-२४ या वर्षाच्या पाहणीचे निष्कर्ष ऑगस्ट २०२५ मध्ये आले. त्यानुसार त्या वर्षी कारखान्यांतील मूल्यवर्धन चालू किमतींनुसार सुमारे १२ टक्क्यांनी वाढले आणि तेथे काम करणाऱ्यांची संख्या सुमारे १ कोटी ९६ लाखांवर गेली. मूल्यवर्धनात महाराष्ट्र पहिल्या क्रमांकावर होता. मासिक निर्देशांक ही नाडी, तर ही पाहणी म्हणजे वर्षाचा ताळेबंद. नाडी लगेच कळते पण थोडे सांगते. ताळेबंद उशिरा येतो पण सविस्तर असतो. शिवाय निर्देशांकातील वस्तूंना दिलेले भार याच पाहणीच्या आधारे ठरतात. ताळेबंद चुकला, तर नाडीही चुकीची लागते.

यादीबाहेरची कारखानदारी

आता अवसरीच्या गुऱ्हाळाकडे, गिरणीकडे आणि वेल्डिंगच्या दुकानाकडे वळू. १९४८ च्या कारखाने कायद्यानुसार विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा आणि विजेविना चालणाऱ्या ठिकाणी वीस कामगार असतील, तरच तो ‘कारखाना’ ठरे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने ही मर्यादा अनुक्रमे वीस आणि चाळीस केली. मर्यादा कोणतीही असो, चार माणसांचे गुऱ्हाळ तिच्या बाहेरच राहते. त्याचा गूळ मासिक निर्देशांकात येत नाही आणि वार्षिक पाहणीतही येत नाही.

अशा उद्योगांसाठी स्वतंत्र नमुना पाहणी आहे. निवडलेल्या गावांत आणि शहरी वस्त्यांत जाऊन तेथील धंद्यांची यादी करायची, त्यांतून काही निवडायचे आणि मालकाशी बोलून माहिती घ्यायची. बहुतेकांकडे हिशेबाच्या वह्या नसतात. ‘गेल्या महिन्यात किती ढेपा झाल्या, किती जळण लागले, गड्यांना काय दिले’ असे विचारत विचारत मूल्यवर्धनाचा अंदाज बांधावा लागतो. २०२३-२४ च्या पाहणीत व्यापार आणि सेवा धरून असे सुमारे ७ कोटी ३४ लाख उद्योग आणि त्यांत काम करणारे सुमारे १२ कोटी ६ लाख लोक आढळले. कारखान्यांतील १ कोटी ९६ लाखांशी या संख्येची तुलना केली म्हणजे यादीबाहेरचे जग किती मोठे आहे, याची कल्पना येते.

दुर्दैवाची बाब अशी की, हे जग बराच काळ नजरेआड राहिले. २०१५-१६ मध्ये अशी एक मोठी पाहणी झाली आणि त्यानंतरची थेट २०२१-२२ मध्ये. मधल्या काळात नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी, जुलै २०१७ मध्ये आलेला वस्तू व सेवा कर आणि २०२० ची टाळेबंदी, असे तीन मोठे धक्के या उद्योगांना बसले. त्या वर्षांत राष्ट्रीय उत्पन्नाचे तिमाही अंदाज करताना लहान कारखानदारीची वाढ मासिक निर्देशांकाच्या गतीने धरली जात होती. सोप्या भाषेत सांगायचे, तर मोठे कारखाने जितके वाढले तितकेच गुऱ्हाळही वाढले असेल, असे गृहीत होते. प्रत्यक्षात रोखीवर चालणारा धंदा रोख आटल्यावर कोलमडतो आणि त्याचे गिऱ्हाईक मोठ्या कारखान्याकडे वळते. अशा वेळी एकाची वाढ ही दुसऱ्याची घट असते. हिशेबात मात्र दोन्हीकडे वाढच दिसते.

पाहणी पुन्हा सुरू झाल्यावर चित्र समोर आले. असंघटित कारखानदारीत २०१५-१६ मध्ये सुमारे ३ कोटी ६० लाख लोक काम करीत होते. २०२२-२३ मध्ये ही संख्या सुमारे ३ कोटी ६ लाख होती. अर्ध्या कोटीहून अधिक लोकांच्या रोजगाराचा प्रश्न आपल्याला काही वर्षे उशिरा कळला. आकडा नसलेल्या दुःखाची दखल कोणतेही अंदाजपत्रक घेत नाही. आता ही पाहणी दरवर्षी होते आणि २०२५ पासून तिचे तिमाही अंदाजही येऊ लागले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

जुनी टोपली, नवा बाजार

यादीचा प्रश्न मोठ्या कारखान्यांबाबतही आहे. मासिक निर्देशांकातील वस्तूंची टोपली पायाभूत वर्षानुसार ठरते आणि पुढील मालिका येईपर्यंत तीच राहते. २०१७ मध्ये नवी मालिका आली तेव्हा गुटखा, कॅल्क्युलेटर आणि रंगीत दूरचित्रवाणीच्या नळ्या वगळण्यात आल्या. महाराष्ट्राने २०१२ मध्येच गुटख्यावर बंदी घातली होती; देशाच्या निर्देशांकाच्या टोपलीत मात्र तो आणखी काही वर्षे होता! बंद पडलेला कारखाना यादीत राहतो आणि नव्याने उभा राहिलेला यादीत नसतो, तेव्हा उत्पादन आहे त्याहून कमी दिसते. पायाभूत वर्ष बदलण्याचे काम म्हणूनच केवळ तांत्रिक नाही. २०२२-२३ हे नवे पायाभूत वर्ष धरून मालिका बदलण्याचे काम मंत्रालयाने हाती घेतले, त्यामागे हेच कारण आहे.

टाळेबंदीने तर या यंत्रणेची कसोटीच पाहिली. एप्रिल २०२० मध्ये देशातील बहुसंख्य कारखाने बंद होते आणि अनेकांनी उत्पादन शून्य कळवले. तेव्हा मंत्रालयाने निर्देशांक प्रसिद्ध केला, परंतु त्याची मागील महिन्यांशी तुलना करणे योग्य ठरणार नाही, असे स्पष्ट सांगितले. आकड्याची मर्यादा आकडा देणाऱ्यानेच सांगणे, हे प्रामाणिक सांख्यिकीचे लक्षण होय.

वाचकाने काय लक्षात ठेवावे?

औद्योगिक उत्पादनाची बातमी वाचताना तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हा शीघ्र अंदाज आहे की सुधारित आकडा? वाढ कशाच्या तुलनेत आहे आणि गेल्या वर्षीचा तो महिना कसा होता? आणि यात लहान उद्योग मोजले गेले आहेत, की गृहीत धरले गेले आहेत? मालाचे परिमाण वाढणे, मूल्यवर्धन वाढणे आणि रोजगार वाढणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रे वाढली तर पोती वाढतील आणि माणसे कमी होतील, हेही शक्य आहे. अवसरीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलाला यातील तिसरा आकडा हवा असतो. ठळक मथळा मात्र पहिल्याचा असतो.

उद्योजकांच्या दृष्टीनेही यात बोध आहे. सरकारी पत्रक म्हणजे कटकट, असे मानून गेल्या वर्षीचेच आकडे थोडे फिरवून लिहिण्याची वृत्ती आपल्याकडे नवीन नाही. परंतु त्या पत्रकावरून आपल्या उद्योगाची गती ठरते, त्या गतीवरून पतपुरवठ्याचे आणि करांचे धोरण आखले जाते आणि ते धोरण फिरून त्याच उद्योजकाच्या दारात येते. सरकारनेही पत्रके सुटसुटीत करावीत, क्षेत्रीय कर्मचाऱ्यांची पदे रिक्त ठेवू नयेत आणि गैरसोयीचा आकडा आला म्हणून तो दडवू नये, ही अपेक्षा रास्तच आहे.

साखर कारखान्याच्या गोदामात पोते थप्पीला लागते, तेव्हा तेथील माणूस वहीत एक आकडा लिहितो. तो आकडा ‘आजचा’ आहे की ‘आजअखेरचा’, हे त्याला पक्के ठाऊक असते. तेथून दिल्लीपर्यंतच्या प्रवासात ते ज्ञान हरवू नये, एवढीच काळजी साऱ्या सांख्यिकी यंत्रणेने घ्यायची आहे. आणि ज्या गुऱ्हाळात अशी वहीच नाही, तेथे कोणीतरी वेळच्या वेळी जाऊन विचारायचे आहे.